जन्म शेफिल्डचा, गाव खानापूर: मी आपोआप ब्रिटिश नागरिक आहे काय?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. सगळं सांगितल्याशिवाय उत्तर बरोबर मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कंटाळू नका.

माझा जन्म जून १९७८ चा, इंग्लंडमधल्या शेफिल्डचा. वडील डॉक्टर. एमबीबीएस झाल्यावर पुढचं शिकायला तिकडच्या हॉस्पिटलात गेले, आई मागनं गेली. मी दोन वर्षांचा असताना आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि आम्ही तिघं परत आलो ते कायमचे. वडिलांनी खानापुरात दवाखाना घातला आणि शेवटपर्यंत चालवला. मला शेफिल्डमधलं काही म्हणजे काही आठवत नाही. शाळा खानापूरची, कॉलेज बेळगावचं. आता खत-बियाणांचं दुकान आहे, चार एकर भात आहे, माळाला थोडी काजूची झाडं आहेत. २००३ साली लग्न झालं. मुलगी नोव्हेंबर २००५ ची, मुलगा २००९ चा, दोघांचा जन्म बेळगावचा.

गेल्या वर्षी आई गेली. तिची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा लग्नातल्या शालूच्या घडीत माझा तिकडचा जन्मदाखला मिळाला. लालसर छपाईचा, हातरुमालाएवढा कागद, घडीवर विरलेला. त्यावर माझं नाव आणि जन्मतारीख एवढंच. आई-वडिलांचं नाव कुठेच नाही. मी तो परत तसाच ठेवून दिला होता.

आता विषय निघाला मुलीमुळे. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे एमएस्सीसाठी इंग्लंडला जायचं म्हणते. बेळगावातल्या एका एजंटाकडे गेलो. त्याने घरचे सगळे कागद मागितले, माझा जन्म कुठला ते बघितलं आणि म्हणाला, "काय ओ, तुमी ब्रिटिशच की! पोरगीपण ब्रिटिश. अर्ज करा, पासपोर्ट येतंय. इंडियन पासपोर्टपण ठेवा, कोण बघायला येतंय? फीपण तिकडच्या पोरांएवढीच पडतंय." हे ऐकून मुलगी हरखली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्याकडे गोव्याचे पाहुणे पोर्तुगीज कागद करून इंग्लंडात स्विंडनला गेलेले सगळ्यांना माहीत आहेत. त्यांनी लिस्बनला जन्माची नोंद केली, अर्ज केले, मग त्यांना ते मिळालं. मी तर काहीच केलेलं नाही. कुठे सही नाही, कुठे शपथ नाही. अर्ज न करता एखादा माणूस दुसऱ्या देशाचा नागरिक होतो काय? आणि झालो असेन तर इथलं माझं काय? १८ पूर्ण झाल्यापासून एक मतदान चुकवलेलं नाही. दर १७ जानेवारीला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला, वडील दवाखाना बंद ठेवून मला हुतात्मा चौकात न्यायचे, आता मी मुलाला नेतो. आपण सीमाभागातली माणसं, कुठल्या राज्यात राहायचं यासाठी तीन पिढ्या भांडतोय. आणि आज कोणी सहज म्हणतंय की तुम्ही या देशाचेच नव्हे. हे मला नीट समजून घ्यायचं आहे. जमिनीचं काय होतं, मुलीचं काय, मुलाचं काय, ज्यांना खरोखर माहीत आहे त्यांनीच सांगावं ही विनंती.

लेस्टरकर

दादा, मी मूळचा अनगोळचा, १९ वर्षं लेस्टरमध्ये आहे. इथे लोकांचे इमिग्रेशनचे कागद बघायचं काम करतो, त्यामुळे तिकडच्या बाजूचं खात्रीनं सांगू शकतो.

होय, तुम्ही ब्रिटिश नागरिक आहात. १ जानेवारी १९८३ च्या आधी ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल जन्मानेच तिथलं नागरिक होत असे. आई-वडील कुठल्या व्हिसावर आहेत, किती वर्षं राहिले, हे कोणी विचारत नव्हतं. अपवाद होता तो परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांचा. तुमचा जन्म १९७८ चा, तेव्हा १९४८ चा कायदा लागू होता. त्यानुसार तुम्ही 'युनायटेड किंग्डम आणि वसाहतींचे नागरिक' झालात. पुढे १९८१ चा ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्ट आला, तो १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला आणि तुमच्यासारखे लोक त्या दिवशी आपोआप 'ब्रिटिश सिटिझन' झाले. त्या दिवशी तुम्ही साडेचार वर्षांचे, खानापुरात खेळत असाल. कोणी विचारलं नाही, कोणी कळवलं नाही. 'बाय ऑपरेशन ऑफ लॉ' म्हणतात ते हेच. कायदा आपलं काम करून मोकळा होतो, सर्टिफिकेट वगैरे काही देत नाही. पासपोर्ट काढला तरी त्याने नागरिकत्व मिळत नाही, आधीपासून असलेलं फक्त दिसतं.

मुलीचं आणि मुलाचं. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या ब्रिटिश नागरिकाला परदेशात मूल झालं तर ते मूलही आपोआप ब्रिटिश होतं, त्याला वंशाने मिळालेलं नागरिकत्व म्हणतात. ते एकाच पिढीपर्यंत चालतं. म्हणजे तुमच्या मुलीला उद्या बेळगावात मूल झालं तर ते आपोआप ब्रिटिश होणार नाही.

एक बारीक गोष्ट आहे, ती बघा. १ जुलै २००६ च्या आधी जन्मलेल्या मुलाला वडिलांकडून नागरिकत्व मिळायचं असेल तर आई-वडिलांचं लग्न झालेलं असणं गरजेचं होतं. मुलगी २००५ ची, म्हणून तिच्यासाठी तुमच्या लग्नाचा पुरावा हाच मुख्य दुवा. मुलगा २००९ चा, त्याला लग्नाची अट नाही, तुम्ही वडील आहात हे दाखवलं की पुरे. आणि तुमच्याकडे आहे तो छोटा दाखला. मुलीसाठी पूर्ण दाखला लागेल, ज्यावर आई-वडिलांची नावं असतात. तो इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसमधून घरबसल्या मागवता येतो, खर्च फार नाही.

फीचं एजंटानं सांगितलं ते साफ चुकीचं. इंग्लंडमध्ये घरच्या विद्यार्थ्याची फी नुसत्या नागरिकत्वावर मिळत नाही, कोर्स सुरू होण्याआधी तीन वर्षं त्या देशात राहिलेलं असावं लागतं. तुमची मुलगी थेट बेळगावहून आली तर पासपोर्ट कुठलाही असो, फी परदेशी विद्यार्थ्याचीच. हा हिशोब आधी करा, मग बाकीचं.

सिस्टर_वडगाव

मी वुल्व्हरहॅम्प्टनला नर्स आहे. वर दादांनी लिहिलेलं १९८३ आधीचं आहे, हे वाचणाऱ्या नव्या मुलींनी कृपा करून लक्षात घ्यावं. कारण माझी त्यातच फसगत झाली.

२०२३ मध्ये मला इथे मुलगा झाला. गावाकडे सगळ्यांनी पेढे वाटले, "नातू ब्रिटिश झाला" म्हणून. वॉर्डातल्या आपल्याकडच्या एका बाईनं सांगितलं, इथे जन्मलं की इथलंच. आम्ही पासपोर्टचा अर्ज केला, पैसे भरले. उत्तर आलं की नागरिकत्व नाही. पैसेही परत नाहीत. बाळ मांडीवर, रात्रभर ते पत्र परत परत वाचत होते.

कायदा असा आहे. १९८३ नंतर इथे जन्मलेलं मूल आपोआप ब्रिटिश होतं, पण जन्माच्या दिवशी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असले किंवा 'सेटल्ड' असले तरच. सेटल्ड म्हणजे कायम राहण्याची परवानगी हातात असणं. आम्ही दोघं कामाच्या व्हिसावर, त्यामुळे आमचा मुलगा आपोआप काही झाला नाही. आम्हाला कायम राहण्याची परवानगी मिळाली की त्याची नोंदणी करता येईल, तो हक्क आहे. पण तो अर्ज असतो, फी असते, आपोआप नव्हे. तोपर्यंत तो भारतीय, आणि तेसुद्धा आपोआप नाही! २००४ पासून परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते. आम्ही पत्र आल्यावर धावत बर्मिंगहॅमला जाऊन केली, अकरावा महिना चालू होता. ते वर्ष हातातून गेलं असतं तर दिल्लीची परवानगी मागत बसावं लागलं असतं. बाळंतपणाच्या बॅगेत डायपर भरताना हेही लक्षात ठेवा.

शहापूरचा_विणकर

मधेच विचारतो, माफ करा. आमचे आजोबा १९३१ चे, जन्म शहापूरचा. तेव्हा ब्रिटिशांचंच राज्य होतं. मग ते ब्रिटिश प्रजाजन, आणि त्यांच्यामागून आम्हालाही काही हक्क लागतो काय? आमच्या गल्लीत दोघा-तिघांनी यासाठी पैसे भरलेत.

लेस्टरकर

नाही लागत, भाऊ. पैसे भरलेत त्यांना लवकर सांगा. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेले लोक ब्रिटिश प्रजाजन होते हे खरं, पण १ जानेवारी १९४९ ला नवा कायदा लागू झाला तेव्हा ज्यांचा संबंध भारताशी होता त्यांना ब्रिटनचं नागरिकत्व मिळालं नाही. आणि २६ जानेवारी १९५० ला ते भारताचे नागरिक झाले. तिथे तो धागा तुटला. बाप किंवा आजा खुद्द ब्रिटनमध्ये जन्मलेला असेल तरच वेगळा विचार.

आणि शहापूर तर त्या वेळी सांगली संस्थानात होतं. बेळगाव शहर इंग्रजांचं, रेल्वे ओलांडली की पटवर्धनांचं राज्य. संस्थानी रयत कायद्याने ब्रिटिश प्रजाजनसुद्धा नव्हती, तिला 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' म्हणत. म्हणजे तुमच्या आजोबांचा दावा बेळगावकरांहूनही एक पायरी खाली. वाईट वाटून घेऊ नका, पण कोणी यावर पैसे मागत असेल तर देऊ नका.

वकीलकाका_टिळकवाडी

मलप्रभाकाठ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. भारताच्या बाजूचं मी सांगतो, चाळीस वर्षं बेळगावच्या कोर्टात काढली आहेत.

पहिली गोष्ट, शांत झोपा. तुम्ही भारताचे नागरिक आहात. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार १० डिसेंबर १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेलं मूल, वडील भारतीय नागरिक असतील तर वंशाने भारतीय. तुमचे वडील बेळगावचे, त्यामुळे तुम्ही भारतीयच जन्मलात. आता कलम ९ काय म्हणतं? ज्याने परदेशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं त्याचं भारतीयत्व संपतं. सगळं वजन 'स्वेच्छेने' या शब्दावर आहे. पाळण्यातल्या पोराला कसली आली स्वेच्छा? १९७८ ला तुम्ही काही घेतलं नाही, १९८३ लाही नाही. ते कायद्याने तुमच्या अंगावर आलं.

पण आता ऐका, कारण एजंटानं तुम्हाला खड्ड्याकडे नेलंय. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत असं आहे की परदेशाचा पासपोर्ट मिळवला, तर तो त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा. निर्णायक म्हणजे त्यावर उलटा पुरावा ऐकून घेत नाहीत. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच हा नियम वैध ठरवला आहे. म्हणजे लेस्टरच्या माणसाला जो पासपोर्ट नुसता आरसा वाटतो, तोच इथे कुऱ्हाड आहे. तुम्ही ब्रिटिश पासपोर्ट काढलात की त्या दिवशी तुमचं भारतीयत्व गेलं. त्यानंतर भारतीय पासपोर्ट खिशात ठेवणं, वापरणं, त्यावर मत देणं, सगळा गुन्हा. 'दोन्ही ठेवा' हा सल्ला देणाऱ्याकडे परत पाऊल टाकू नका.

जमिनीचं. पासपोर्ट काढला नाही तर काहीच बदलत नाही, उतारा तुमच्याच नावावर. ज्यांनी भारतीयत्व सोडून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) घेतलं त्यांना वारसाने शेतजमीन मिळू शकते, पण नवी शेतजमीन, फार्महाऊस, मळा विकत घेता येत नाही. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही. मुलगी ब्रिटिश पासपोर्ट घेईल तर तिचं असं होईल, तुमचं नव्हे. तिने घेतला म्हणून तुम्हाला घ्यावा लागत नाही. प्रत्येकाचा निर्णय वेगळा.

लेस्टरकर

काकांच्या लिहिण्यात एक जोडतो, कारण मुलीला याची गरज पडणार. जो कायद्याने ब्रिटिश आहे त्याला ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा लागत नाही आणि कायद्याने तो देताही येत नाही. त्याने ब्रिटिश पासपोर्टवर यायचं, नाहीतर आपल्या दुसऱ्या देशाच्या पासपोर्टच्या जोडीला राहण्याच्या हक्काचा दाखला काढायचा, 'सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट' म्हणतात तो. आणि ब्रिटिश नागरिकत्व मुळीच नको असेल तर रीतसर अर्ज करून ते सोडताही येतं. मग ती इतरांसारखी व्हिसा घेऊन येईल. एजंटानं व्हिसाचा अर्ज भरून टाकला असेल तर आधी थांबवा.

वकीलकाका_टिळकवाडी

हा दाखला पासपोर्ट नव्हे, आणि आमच्या नियमात नाव पासपोर्टचं आहे. वाट त्यातल्या त्यात बरी दिसते. तरी तोही अर्ज करून मागून घेतलेलाच कागद. नागरिकत्वाच्या विषयातल्या वकिलाकडून लेखी मत घेतल्याशिवाय मुलीला सही करू देऊ नका.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. चार आठवड्यांनी लिहितोय, कारण पूर्ण दाखला येण्याची वाट बघत होतो. परवा पोस्टमन दुकानात देऊन गेला.

आता त्यावर सगळं आहे. वडिलांचं नाव, धंदा डॉक्टर, जन्मस्थळ बेळगाव, इंडिया. आईचं माहेरचं आडनाव, जन्मस्थळ शहापूर. तिकडच्या कुठल्या तरी कारकुनानं १९७८ साली शहापूर हा शब्द अगदी बरोबर लिहिलाय, आणि इथे माझ्या आधार कार्डावर कन्नडातून इंग्रजीत जाताना आडनावातलं एक अक्षर गेलंय. शाळेत घालताना हेडमास्तरांनी जन्मस्थळ विचारलं नाही, खानापूर लिहून टाकलं. ते सगळं आता दुरुस्त करायला घेतलंय, पासपोर्टसाठी नव्हे. खोटं कागदावर राहू नये म्हणून.

वडिलांनी हे मला का सांगितलं नाही याचा खूप विचार केला. त्यांना हा कायदा माहीतच नसेल, किंवा माहीत असूनही मुलगा जाईल या भीतीने बोलले नसतील. आईनं मात्र दाखला टाकून दिला नाही, शालूत ठेवला.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. पासपोर्ट काढणार नाही. जे आपोआप आलं ते आहे तसं राहू दे, मागायला मी जाणार नाही. पंचायतीची निवडणूक आली की मत देणार.

मुलीला काकांचं आणि लेस्टरकरांचं सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, फी तीच असेल तर घाई कशाला, आधी परीक्षा होऊ दे, मग वकिलाकडे दोघं जाऊ. तिचा एजंटाकडचा अर्ज परत घेतला. पुढे ती काय निवडेल ते तिचं, मी अडवणार नाही. पण तिला जे काही करायचं असेल त्याला आमच्या लग्नाचा कागद लागणार, आणि तो आमच्याकडे नाही. २००३ साली मंगल कार्यालयात लग्न झालं, भटजी होते, चारशे माणसं जेवली, नोंदणी कोणी केली नाही. सोमवारी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाणार आहोत. लग्नपत्रिका, फोटो आणि साक्षीदार आणा म्हणून सांगालेत. पत्रिका आज बायकोला सापडली, हळद-कुंकवाची बोटं अजून तशीच आहेत त्यावर. साक्षीला माझा मेहुणा आणि दुकानाशेजारचे काका यायला तयार आहेत. सीमाभागात कोणी अलीकडे जुन्या लग्नाची नोंदणी केली असेल, तर पत्रिका मराठीत असल्यावर कन्नड भाषांतर मागतात काय, तेवढं सांगा.